ओढ्याकडून तळ्याकडे : मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा

आपल्या भागातील बहुतेक गावांना एखादे तळे असते. कन्नड भाषक त्याला केरे म्हणतात, आपण तळे किंवा तलाव म्हणतो. मृगाचा पाऊस लागला की ते भरू लागते, दिवाळीपर्यंत काठोकाठ असते आणि होळीच्या सुमारास त्याचा तळ उघडा पडू लागतो. गुरे धुणे, कपडे धुणे आणि जवळच्या चार शेतांना पाणी देणे एवढाच त्याचा उपयोग आपण जाणतो. या सहा-आठ महिन्यांच्या पाण्यातून गावाच्या ताटात सकस अन्न आणि गरिबाच्या हातात चार पैसे येऊ शकतात, हे आज कृषी खात्याची पत्रके सांगतात. पण या गोष्टीला शास्त्राचा पाया मिळवून देण्यात ज्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध वेचला, त्या डॉ. सुंदरलाल होरा यांचे नाव प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचा अल्प परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. पाच नद्यांच्या या प्रदेशात वाढलेल्या मुलाने पुढे पाण्यातील जिवांचाच ध्यास घ्यावा, यात एक औचित्य आहे. उच्च शिक्षणासाठी ते लाहोरला आले आणि तेथे प्राणिशास्त्रात त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. १९१९ साली डॉ. थॉमस नेल्सन अॅनंडेल लाहोरला आले होते. अॅनंडेल हे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. या बुद्धिमान तरुणाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. त्या भेटीने होरा यांच्या आयुष्याची दिशा ठरली. ते कलकत्त्यास गेले आणि १९२१ पासून संस्थेतील मासे, बेडूक व सरपटणारे प्राणी यांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

त्यांचे आरंभीचे मोठे काम ईशान्येकडील मणिपूरच्या खोऱ्यातले. तेथील मासे आणि मासेमारी यांविषयीचा त्यांचा निबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या शीर्षकातील दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ प्राणिशास्त्रज्ञ मासा बाटलीत घालून त्याचे वर्णन करतात आणि तेथेच थांबतात. होरा यांनी मासा पकडणाऱ्या माणसाकडेही पाहिले. कोणता सापळा कोणत्या पाण्यात लावतात आणि कोणत्या ऋतूत कोणता मासा मिळतो, हे कोळ्यापाशी असलेले ज्ञान शास्त्राच्या वहीत उतरविण्याजोगे आहे, ही त्यांची दृष्टी अखेरपर्यंत टिकली.

त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी डोंगरी ओढ्यांतील माशांच्या अभ्यासाला दिली. उतारावरून कोसळणाऱ्या पाण्यात मासा वाहून कसा जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता. काही माशांची छाती व पोट चपटे झालेले असते, काहींच्या पोटाखाली चिकटून राहण्यासाठी वळ्या किंवा चकती असते आणि काहींचे पर पसरट होऊन खडकाला घट्ट धरतात. एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या माशांतही पाण्याच्या ओढीमुळे सारखीच रचना कशी घडते, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवून दिले. पंजाब विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांना १९२२ मध्ये मिळाली होती, पुढे १९२८ मध्ये एडिंबरो विद्यापीठानेही ती पदवी त्यांना दिली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९३० साली आलेला त्यांचा प्रबंध या विषयावरील मूलभूत लेखन मानला जातो.

आपल्या सह्याद्रीशीही त्यांच्या संशोधनाचा जवळचा संबंध आहे. नाशिकजवळच्या देवळाली परिसरातील माशांवर त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहिले. सह्याद्रीच्या ओढ्यांतील काही माशांचे भाऊबंद थेट आसाम, ब्रह्मदेश आणि मलायात सापडतात, मधल्या मुलखात मात्र ते नाहीत. मग ते येथवर आले कसे? सातपुडा आणि विंध्य यांच्या रांगा पूर्वी अधिक उंच, ओल्या व सलग असाव्यात आणि त्यांच्या वाटेने हे डोंगरी मासे पश्चिमेकडे सरकत आले असावेत, असे उत्तर होरा यांनी सुचविले. ते सातपुडा सिद्धांत या नावाने प्रसिद्ध आहे. पुढील काळात भूशास्त्रज्ञांनी व जीवशास्त्रज्ञांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. तरीही भारतातील प्राण्यांच्या भौगोलिक वाटणीची चर्चा आजही त्यांच्या नावाला टाळून करता येत नाही.

एवढ्यावरच त्यांचे काम थांबले असते, तर एक नामवंत संशोधक म्हणून त्यांची नोंद राहिली असती. परंतु त्यांची दृष्टी हळूहळू डोंगरातील ओढ्याकडून गावातील तळ्याकडे वळत होती. १९३८ मध्ये डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांविषयी एक पुस्तिका त्यांनी सहकाऱ्यासह तयार केली. ती हिवतापाच्या कामासाठी होती. गावाच्या डबक्यात कोणता मासा सोडला असता डासांची पैदास कमी होईल, हे आरोग्य खात्याच्या माणसाला ओळखता यावे असा तिचा हेतू होता. शुद्ध शास्त्र आणि खेड्याचा रोजचा प्रश्न यांच्यातील अंतर अशा रीतीने कमी होऊ लागले.

१९४२ हे त्यांच्या आयुष्यातील वळणाचे वर्ष. बंगाल सरकारचे मत्स्यखाते काटकसरीच्या नावाखाली १९२३ मध्ये बंद करण्यात आले होते. मासा हे ज्या प्रांताचे रोजचे अन्न, त्या प्रांतात मासळीकडे पाहणारे खातेच जवळजवळ वीस वर्षे नव्हते! दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत अन्नटंचाई जाणवू लागली तेव्हा ते खाते पुन्हा उघडले आणि संचालक म्हणून होरा यांची नेमणूक झाली. १९४७ पर्यंत ते या पदावर होते.

हा काळ बंगालच्या इतिहासातील अत्यंत दुःखद काळ होय. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला होता. शत्रूच्या हाती वाहने पडू नयेत म्हणून सरकारने १९४२ मध्ये नदीमुखांच्या प्रदेशातील हजारो होड्या काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या. होडी गेली की कोळ्याचे सर्वस्व गेले. १९४३ च्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. सर्वांत आधी जे कोसळले त्यांत भूमिहीन मजूर आणि मच्छीमार होते. नदीवर जाता येत नाही, समुद्र दूर, धान्य महाग. अशा वेळी घराजवळ उरते ते गावचे तळे. त्या तळ्याकडे लक्ष देणे ही तेव्हा अभ्यासकाची हौस राहिली नव्हती, तो जगण्यामरण्याचा प्रश्न झाला होता.

बंगालमध्ये तळ्यांना तोटा नाही. घर बांधताना, रस्ता करताना माती काढली की खड्डा होतो आणि पावसाने तो भरतो. असे पुकुर गावोगावी आहेत. मग त्यांत मासे का वाढत नव्हते? याची दोन कारणे होती. एक शास्त्राचे, दुसरे माणसांचे.

पहिले कारण बीजाचे. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडील उत्तम वाढणारे मासे. पण ते तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी काठावरच्या उथळ जमिनीवर पसरते, तेव्हाच ते वितात. म्हणून तळ्यात सोडावयाचे बीज नदीतूनच आणावे लागे. पुराच्या दिवसांत कोळी गंगेच्या काठाला निमुळती जाळी लावून अंड्यांतून नुकतीच निघालेली पिले धरीत. मातीच्या हंड्यांत ती भरून खांद्यावरील कावडीतून आणि आगगाडीतून दूरदूरच्या गावी नेत. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून वाटभर हंडी हाताने हलवीत राहावी लागे. तरीही निम्मीशिम्मी पिले वाटेतच मरत. जी जगत त्यांत रोहूबरोबर इतर मासे खाणाऱ्या जातींचीही पिले मिसळलेली असत, कारण त्या वयात ती ओळखणे फार कठीण. शेतकऱ्याने पैसे मोजून रोहू आणावा आणि तळ्यात शेवटी शिवड्यासारखा खादाड मासाच उरावा, असे वारंवार घडे.

यावर एक वाट लोकांनीच शोधून ठेवली होती. बंगालच्या पश्चिमेकडील बांकुरा व मिदनापूर या चढउताराच्या जिल्ह्यांत काही खास बांध होते. मोठ्या माळाच्या पायथ्याशी तीन बाजूंनी मातीची ताल घालून पाणी अडविलेले असे. जोराचा पाऊस झाला की सगळ्या माळाचे पाणी लोंढ्याने त्यात शिरे आणि त्यात सोडलेले मोठे मासे तेथेच अंडी घालीत. लोक ती अंडी कापडाने गोळा करीत. विजा कडकडल्या म्हणजे मासा वितो, अशी त्यांची समजूत होती. होरा यांनी ही समजूत हसण्यावारी नेली नाही. रोहू-कटल्याच्या विणीस कोणत्या गोष्टी कारणीभूत होतात याचे विश्लेषण त्यांनी १९४५ मध्ये एका निबंधात मांडले. वाहते ताजे पाणी, पुराखाली आलेली उथळ जमीन आणि पावसाळी हवामान या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे बांधात नदीच्या पुराचे वातावरण तयार होते. निरक्षर कोळ्याने पिढ्यान्पिढ्या जे हाताने केले, त्यामागचा कार्यकारणभाव शास्त्रज्ञाने अशा रीतीने शोधला. मासा नदीबाहेरही वितो हे एकदा मान्य झाले की त्याला कृत्रिम उपायाने विण्यास लावता येईल का, हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो.

आता हंगामी तळ्याचा विचार करू. वर्षातून काही महिने कोरडे पडणारे तळे मासे वाढविण्यास निरुपयोगी, असे आपल्याला सहज वाटते. वस्तुस्थिती बरीच निराळी आहे. तळे आटले की त्यातील मरळ, शिवडा यांसारखे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे बव्हंशी नाहीसे होतात. बारमाही तळ्यात त्यांचा नायनाट करावयाचा तर मोहाची पेंड टाकावी लागते, येथे ते काम ऊन फुकट करते. तळाची माती तापते, भेगाळते, कुजका गाळ खत होऊन पुढील पावसात पाण्याला कस देतो. त्यात थोडा चुना आणि शेणखत घातले की पाणी हिरवट होते, म्हणजे सूक्ष्म वनस्पती व सूक्ष्म जीव वाढतात. तेच बाळमाशांचे अन्न. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तिघे एकत्र ठेवले तरी एकमेकांच्या तोंडचा घास कोणी काढून घेत नाही.

अडचण आहे ती वेळेची. नदीचे बीज आषाढ-श्रावणात येणार. जिऱ्याएवढ्या पिलाची बोटाएवढी बोटुकली होण्यास दोन-तीन महिने लागणार, आणि तळे तर शिमग्याला आटणार. मग मासा मोठा व्हावा कधी? यावर दोन उपाय आहेत. एक, आदल्या वर्षी बारमाही पाण्यात राखून ठेवलेली मोठी बोटुकली पाऊस पडताच हंगामी तळ्यात सोडावी, म्हणजे सहा-सात महिन्यांत ती विक्रीजोगी होते. दुसरा, जे तळे दोन-तीन महिनेच पाणी धरते त्यात मासा मोठा करण्याचा हट्ट सोडून फक्त पिलांचे संगोपन करावे आणि बोटुकली शेजारच्या मोठ्या तलावाला विकावी. म्हणजे लहान तळे आणि मोठे तळे, हे गाव आणि ते गाव, यांनी एकमेकांशी ठरवूनच ही शेती करावी लागते.

येथेच दुसरे, माणसांचे कारण पुढे येते. बंगालमधील कितीतरी तळी वारसाहक्काने अनेकांच्या मालकीची झाली होती. गाळ काढण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि मासा कोणाचा, यावर एकमत नाही, म्हणून कोणीच काही करावयाचे नाही. जलपर्णी माजे, पाणी कुजे, डास वाढत. पडीक तळ्यांच्या सुधारणेसाठी १९३९ मध्ये बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या दुखण्याची खोली कळते. होरा यांच्या खात्याला बीज मिळविता येत होते, सल्ला देता येत होता. पण तळ्याच्या काठी बसलेल्या लोकांचे एकमत सरकारी हुकमाने निर्माण होत नसते.

१९४७ मध्ये होरा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. तो काळही सोपा नव्हता. युद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीने संस्था काशीला हलविली होती आणि १९४३ मध्ये वरुणा नदीच्या पुरात तिच्या संग्रहातील असंख्य नमुने भिजून खराब झाले होते. माशांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला नदीनेच गाठावे, हा दैवदुर्विलास. फाळणीने त्यांचे जन्मगाव परदेशात गेले. अशा वेळी विस्कटलेली संस्था पुन्हा कलकत्त्यात उभी करण्याचे काम त्यांनी केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधनासाठी केंद्रीय केंद्रही कलकत्त्यात सुरू झाले. पुढे ते बराकपूरला स्थिरावले आणि १९४९ मध्ये त्याचा तळ्यातील मत्स्यशेतीचा विभाग ओरिसातील कटक येथे उघडला. बंगालच्या तळ्याकाठचे प्रश्न आता सबंध देशाचे प्रश्न झाले होते.

अखेरच्या वर्षांत होरा यांनी एक आगळे काम हाती घेतले. प्राचीन भारतीयांना माशांविषयी काय ठाऊक होते, याचा शोध ते जुन्या ग्रंथांतून घेऊ लागले. नदीतील, तळ्यातील आणि धबधब्यातील माशांच्या शरीराची ठेवण वेगवेगळी असते, असे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आहे. आपण ओढ्याकाठी अनेक वर्षे जे अभ्यासले त्याचा पूर्वसूर तेथे सापडलेला पाहून या शास्त्रज्ञाला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अशोकाच्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरविलेले आहेत आणि ठरावीक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास बंदी आहे. त्यावरही त्यांनी लिहिले.

आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे त्यांनी मानसोल्लास या ग्रंथातील मत्स्यविनोद हे प्रकरण अभ्यासले. हा ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि आपला बेळगावचा मुलूख तेव्हा याच राज्यात होता. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील पदांचे जुने नमुने ज्या ग्रंथात सापडतात, त्याच ग्रंथात तीसहून अधिक प्रकारच्या माशांची नावे, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाची दोरी यांचे तपशील आहेत. त्यांतील नावे आजच्या कोणत्या माशांना लागू पडतात, हे होरा यांनी प्राणिशास्त्राच्या कसोटीवर तपासले. पंजाबात जन्मलेल्या आणि बंगालमध्ये काम केलेल्या या विद्वानाने आठशे वर्षांपूर्वीच्या आपल्या मुलखातील मासे पुन्हा ओळखीचे करून दिले.

८ डिसेंबर १९५५ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, होरा यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाने, १० जुलै १९५७ रोजी, ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील माशांना विण्यास लावले. बीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याचे दिवस संपत आले. होरा यांना हे पाहता आले नाही. त्यांनी टी. व्ही. आर. पिल्ले यांच्यासह लिहिलेली मत्स्यशेतीची पुस्तिका संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६२ मध्ये प्रसिद्ध केली.

बीजाचा प्रश्न अशा रीतीने शास्त्राने सोडविला. आज मत्स्यबीज केंद्रातून हवी ती बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशवीत मिळते. तळ्यातही विणारा सायप्रिनस १९५७ पासून, तर चंदेरा व गवत्या १९५९ पासून आपल्या पाण्यात आले. माणसांचा प्रश्न मात्र जेथे होता तेथेच पुष्कळ ठिकाणी आहे. गावतळ्याचा लिलाव होतो, बाहेरचा ठेकेदार अधिक बोली लावतो आणि पिढ्यान्पिढ्या पाण्यावर जगणारा भोई किंवा अंबिग काठावर उभा राहतो. शेतकऱ्याला पिकासाठी शेवटचा थेंब हवा असतो, मच्छीमाराला माशासाठी कमरेएवढे पाणी राखावयाचे असते. ज्या गावांनी सहकारी संस्था काढून किंवा ग्रामसभेत बसून किती पाणी राखावयाचे, राखण कोणी करावयाची, मासा कोणत्या दिवशी धरावयाचा आणि वाटा कसा पाडावयाचा हे आधी ठरविले, तेथे हंगामी तळेही फळते. जेथे हे ठरत नाही तेथे उत्तम बीजही चोरी, भांडण आणि विषप्रयोग यांत नाहीसे होते.

होरा यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध हाच आहे. ओढ्यातील इवल्या माशापासून ते भुकेल्या प्रांताच्या तळ्यापर्यंत त्यांची विद्या उतरत आली आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक कोळ्याचे ज्ञान तिने आदराने उचलून घेतले. आपल्या महाविद्यालयात येणारे बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी आपल्या गावच्या तळ्यात पाणी किती महिने टिकते, त्यात कोणते मासे आहेत, तळे कोणाच्या नावावर आहे आणि त्यातील मासा कोणाच्या घरी जातो, एवढ्या चार गोष्टी लिहून काढाव्यात. मराठी विभागातील मित्रांनी तळे लिहावे, कन्नड विभागातील मित्रांनी केरे लिहावे. डॉ. होरा यांना वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.